मायग्रेन : ‘पित्त’ म्हणून सोडून दिलेला आजार

आपल्या वस्त्यांमध्ये डोकेदुखीला कोणी आजार मानत नाही. ताप आला तर घरचे काम थांबते, पाय मोडला तर शेजारीपाजारी भेटायला येतात. पण “डोकं दुखतंय” म्हटले की समोरचा माणूस बामची डबी पुढे करतो आणि आपल्या कामाला लागतो. महिन्यातले पंधरा-सोळा दिवस डोके दुखणारी बाई चार घरची धुणीभांडी उरकून येते, कपाळाला ओढणी घट्ट आवळून स्वयंपाक करते, आणि कोणी विचारले तर म्हणते, “काही नाही, पित्त झालंय.”

तिला झालेले बहुतेक वेळा पित्त नसते. तो मायग्रेन असतो. जुन्या माणसांकडे त्याला ‘अर्धशिशी’ हा नेमका शब्द होता. तो शब्द मागे पडला आणि त्याच्या जागी पित्त, सायनस, चष्म्याचा नंबर, टेन्शन अशी नावे आली. नाव चुकले की उपचारही चुकतो. म्हणून हा लेख.

तरुणांसाठीच्या व्यासपीठावर हा विषय कशाला, असे काहींना वाटेल. मायग्रेन हा म्हातारपणाचा आजार नाही, तो ऐन उमेदीतला आजार आहे. तो बहुधा वयात येताना किंवा विशीत सुरू होतो आणि तिशी-चाळिशीत सर्वाधिक त्रास देतो. जगभरातल्या आजारांचा हिशेब मांडणाऱ्या ‘ग्लोबल बर्डन ऑफ डिसीज’ या अभ्यासाच्या २०१९ च्या आकड्यांनुसार, माणसाला काम करण्यापासून रोखणाऱ्या कारणांमध्ये मायग्रेन दुसऱ्या क्रमांकावर आहे, आणि तरुण स्त्रियांमध्ये पहिल्या. जगात साधारण दर सात माणसांमागे एकाला तो असतो. आपल्या शेजारच्या कर्नाटकात घरोघरी जाऊन केलेल्या, २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत तर वर्षभरात जवळपास दर चार प्रौढांपैकी एकाला मायग्रेन झाल्याचे दिसले. त्यातही स्त्रियांमध्ये जास्त आणि शहरापेक्षा खेड्यात जास्त. ‘हे एसीत बसणाऱ्यांचे दुखणे’ ही समजूत इथेच गळून पडते.

नेमके होते काय?

मायग्रेन हा मेंदूचा आणि मज्जातंतूंचा आजार आहे. डोकेदुखी हे त्याचे एक लक्षण. बहुधा डोक्याची एक बाजू ठणकते, नाडीच्या ठोक्यासारखी. पण दोन्ही बाजू दुखल्या म्हणजे मायग्रेन नाही, असे नाही. उपचार केला नाही तर एक झटका चार तासांपासून तीन दिवसांपर्यंत चालतो. जिना चढला, वाकले, चालले की दुखणे वाढते. मळमळते, उलटी होते. उजेड आणि आवाज नकोसा होतो, काहींना फोडणीचा किंवा अत्तराचा वासही सहन होत नाही. माणूस अंधारात गप्प पडून राहू पाहतो. साध्या डोकेदुखीत असे होत नाही. ती डोक्याभोवती पट्टा आवळल्यासारखी असते आणि तिच्यात माणूस कुरकुरत का होईना, काम करू शकतो.

काही लोकांना दुखणे सुरू होण्याआधी डोळ्यांपुढे चमकणाऱ्या नागमोडी रेषा दिसतात, नजरेतला एखादा भागच नाहीसा होतो, हाताला आणि ओठाला मुंग्या येतात, शब्द अडखळतात. याला ‘ऑरा’ म्हणतात. तो पाच मिनिटांपासून तासाभरापर्यंत टिकतो आणि हळूहळू पसरतो. असे का, याचा धागा १९४४ साली मिळाला. लिआव या ब्राझीलच्या संशोधकाने मेंदूच्या पृष्ठभागावर पसरत जाणारी एक विद्युत लाट शोधून काढली. ती मिनिटाला सुमारे तीन मिलिमीटर इतक्या सावकाश सरकते. ही लाट दृष्टीच्या भागावरून जाते तेव्हा त्या रेषा दिसतात. अशा माणसाला ‘बाहेरचं’ झालंय म्हणून भगताकडे नेणारे अजूनही आहेत, आणि त्यांत आपली माणसेही असतात, हे लपवून काय उपयोग?

दुखण्याचा मार्गही आता बराचसा कळला आहे. चेहऱ्याच्या आणि डोक्याच्या संवेदना नेणारी ट्रायजेमिनल नावाची नस चेतवली जाते, तिच्या टोकांतून सीजीआरपी नावाचे द्रव्य सुटते, मेंदूवरच्या आवरणातल्या रक्तवाहिन्या फुगतात आणि दुखण्याचा संदेश मोठा होत जातो. या शोधासाठी एडविन्सन, गोड्सबी, मॉस्कोविट्झ आणि ओलेसन या चार शास्त्रज्ञांना २०२१ चा ‘ब्रेन प्राइझ’ मिळाला. म्हणजे ‘नाटक’, ‘कामचुकारपणा’, ‘मनाचे खेळ’ असे जे टोमणे मारले जातात, त्यांना प्रयोगशाळेतून उत्तर मिळालेले आहे.

आता पित्ताकडे येऊ. झटक्याच्या वेळी पोटाची हालचाल मंदावते, म्हणून मळमळते. उलटीनंतर अनेकांना हलके वाटते. त्यावरून “पित्त पडलं, डोकं उतरलं” असा निष्कर्ष निघतो. पण ती उलटी झटक्याचाच भाग आहे, झटक्याचे कारण नव्हे. सायनसचेही तसेच. मायग्रेनमध्ये अनेकांचे नाक चोंदते, डोळ्यांतून पाणी येते, कपाळ आणि गाल दुखतात, म्हणून स्वतःच सायनसचे निदान करून वर्षानुवर्षे वाफ घेणारे लोक आम्ही पाहिले आहेत. पिवळा-हिरवा शेंबूड आणि ताप नसेल, आणि दुखणे पुन्हा पुन्हा येऊन आपोआप जात असेल, तर ते सायनस असण्यापेक्षा मायग्रेन असण्याची शक्यता कितीतरी जास्त.

गोळ्यांचा सापळा

महिन्यातून एक-दोनदा येणारा मायग्रेन वेगळा आणि जुनाट मायग्रेन वेगळा. महिन्यात पंधरा किंवा त्याहून जास्त दिवस डोके दुखत असेल, त्यातल्या निदान आठ दिवशी मायग्रेनची लक्षणे असतील आणि हे तीन महिन्यांहून अधिक काळ चालले असेल, तर डॉक्टर त्याला ‘क्रॉनिक’ म्हणतात. अधूनमधून त्रास होणाऱ्या शंभर जणांपैकी साधारण तिघे दरवर्षी या टप्प्यात ढकलले जातात. झटके वारंवार येणे, वजन वाढणे, झोपेत घोरणे, नैराश्य, चहा-कॉफीचा अतिरेक ही त्यामागची कारणे. पण आमच्या कामात सर्वांत ठळकपणे दिसते ती दुखणे थांबवण्याच्या गोळ्यांची अतिमात्रा.

हे ऐकून लोक चकित होतात. डोकेदुखीची गोळी डोकेदुखी कशी वाढवेल? पण वाढवते. पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेनसारखी साधी वेदनाशामक गोळी महिन्यात पंधरा किंवा जास्त दिवस, आणि कॅफीन मिसळलेली जोडगोळी, अर्गोटामिन, ट्रिप्टान किंवा ट्रामाडॉलसारखे औषध दहा किंवा जास्त दिवस, असे तीन महिन्यांच्या वर चालले की मेंदूची वेदना सहन करण्याची पातळीच खाली येते. गोळीचा असर उतरला की दुखते, दुखते म्हणून पुन्हा गोळी. मेडिकलच्या दुकानात “डोक्याची गोळी द्या” म्हटले की पट्टी कापून दोन गोळ्या हातावर ठेवल्या जातात. त्यात काय आहे हे घेणाऱ्याला माहीत नसते आणि देणाराही सांगत नाही. कामावर जायलाच हवे म्हणून सकाळी चहाबरोबर एक गोळी आधीच घेऊन टाकणाऱ्या बायका आहेत. खाडा झाला तर पगार कापला जातो. तिथे त्यांना ‘गोळ्या खाऊ नका’ एवढाच उपदेश करणे निरर्थक आहे. पर्याय द्यावा लागतो.

अर्गोटामिनबद्दल दोन शब्द जास्त. ही जुनी आणि स्वस्त गोळी रक्तवाहिन्या आवळते. गरोदरपणात, हृदयविकारात, उच्च रक्तदाबात ती धोक्याची आहे. क्लॅरिथ्रोमायसिनसारख्या काही अँटिबायोटिक्सबरोबर आणि एचआयव्हीच्या काही औषधांबरोबर घेतली तर हातापायांचा रक्तपुरवठा बंद पडण्यापर्यंत मजल जाते. शेजारणीला लागू पडली म्हणून आपण घ्यावी अशी ही गोळी नव्हे.

सापळ्यातून बाहेर येता येते. वेदनाशामक बंद केल्यावर पहिले आठ-दहा दिवस त्रास उलट वाढतो, आणि बहुतेक जण नेमके इथेच हार मानतात. त्यानंतर मात्र अनेकांचे झटके कमी होतात. हे डॉक्टरांच्या देखरेखीखालीच करावे, विशेषतः ट्रामाडॉल किंवा झोपेच्या गोळ्यांची सवय लागलेली असेल तर. घरच्यांना हे आठ-दहा दिवस आधीच सांगून ठेवावे.

कॅलेंडरवरच्या खुणा

दवाखान्यात दोन मिनिटे मिळतात. त्यात “खूप दुखतं हो” यापलीकडे आपण काही सांगू शकत नाही, मग डॉक्टरही तीच गोळी लिहून देतात. यावर आम्हाला सापडलेला सर्वांत उपयोगी उपाय फुकटचा आहे. भिंतीवरच्या ज्या कॅलेंडरवर दुधाचा हिशेब लिहिला जातो, त्यावरच ज्या दिवशी डोके दुखले त्या तारखेला फुली मारायची, ज्या दिवशी गोळी घेतली तिथे गोल करायचा, पाळीचे दिवस अधोरेखित करायचे. लिहिता-वाचता न येणाऱ्या आजीलाही हे जमते. दोन महिन्यांनी ते पान फाडून डॉक्टरांपुढे ठेवले की बोलणेच बदलते. फुल्या किती, गोल किती, यावरून क्रॉनिक आहे का, गोळ्या जास्त होताहेत का, पाळीशी संबंध आहे का, हे समोर दिसते. निदानासाठी बहुधा एवढी हकिगत आणि साधी तपासणी पुरते. लक्षणे नेहमीची असतील आणि तपासणीत दोष नसेल तर एमआरआयची गरज नसते. त्यासाठी कर्ज काढण्याआधी “याने उपचारात काय बदल होईल?” हा प्रश्न जरूर विचारावा.

उपचाराच्या दोन बाजू आहेत. पहिली, झटका आल्यावरची. गोळी सुरुवातीलाच आणि डॉक्टरांनी सांगितलेल्या पूर्ण मात्रेत घ्यायची. ‘बघू, थांबतंय का’ म्हणत तीन तास काढायचे आणि मग अर्धी गोळी घ्यायची, याने काही साधत नाही. तोवर पोट मंदावलेले असते आणि गोळी तिथेच पडून राहते. म्हणून डॉक्टर अनेकदा सोबत उलटी थांबवणारे औषध देतात. साध्या वेदनाशामकाने भागत नसेल तर सुमाट्रिप्टानसारखी खास मायग्रेनची औषधे आहेत. हृदयविकार किंवा पक्षाघात होऊन गेलेल्यांना ती चालत नाहीत, आणि अर्गोटामिन घेतल्यापासून चोवीस तासांत ती घ्यायची नाहीत. आठवड्यात दोनपेक्षा जास्त दिवस झटक्याची औषधे लागत असतील, तर ती दुसऱ्या बाजूकडे वळण्याची वेळ आहे.

दुसरी बाजू प्रतिबंधाची, आणि ती आपल्याकडे जवळजवळ कोणाला माहीत नाही. दुखो वा न दुखो, रोज घ्यायचे औषध. प्रोप्रॅनोलॉल हे मुळात हृदयाचे, अमिट्रिप्टिलिन हे मुळात नैराश्याचे, टोपिरामेट हे फिट्सचे. तिन्ही मायग्रेन रोखायलाही वापरतात. आपल्याकडे फ्लुनारिझिनही बरेच दिले जाते. “मला नैराश्याची गोळी का दिली, मी काय वेडी आहे?” असा प्रश्न येतो. मायग्रेनसाठी अमिट्रिप्टिलिनची मात्रा बरीच कमी असते आणि हेतू वेगळा असतो, हे डॉक्टरांनी समजावून सांगायला हवे. ते सांगत नाहीत, मग गोळी चौथ्या दिवशी कचऱ्यात जाते. ही औषधे कमी मात्रेने सुरू करून हळूहळू वाढवतात, आणि दोन ते तीन महिने घेतल्याशिवाय उपयोग झाला की नाही हे ठरवता येत नाही. महिन्यातले सोळा दिवस आठवर आले तरी ते यश धरायचे. पूर्ण नाहीसे होण्याची वाट पाहत बसले तर चांगले औषधही सोडून दिले जाते.

खर्चाची भीती बाळगू नका. प्रोप्रॅनोलॉल आणि अमिट्रिप्टिलिन ही जुनी, स्वस्त औषधे आहेत, राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या सूचीत आहेत. चिठ्ठीवर मूळ औषधाचे नाव लिहून घ्या आणि जनऔषधी केंद्रात विचारा. बोटॉक्सची इंजेक्शने क्रॉनिक मायग्रेनसाठी २०१० पासून मान्य आहेत, आणि सीजीआरपीला अडवणारी नवी इंजेक्शनेही २०१८ पासून जगात आली आहेत. ती बहुतेकांच्या आवाक्याबाहेर आहेत. पण जुनी औषधे नीट, पुरेशा मात्रेत, पुरेसे दिवस घेतलेली माणसे मुळात थोडी आहेत. आधी ते करून पाहावे.

कोणते औषध कोणाला चालत नाही, हेही लक्षात ठेवा. दमा असेल तर प्रोप्रॅनोलॉल नको, आणि ते मनाने अचानक बंदही करू नये. फ्लुनारिझिनने झोप येते, वजन वाढते, काहींचे मन खचते. व्हॅल्प्रोएट आणि टोपिरामेट गर्भाला अपाय करतात, त्यामुळे मूल होऊ शकेल अशा वयातल्या स्त्रीने “मी गरोदर राहू शकते” हे डॉक्टरांना न लाजता सांगावे.

स्त्रियांचे दुखणे

मुलगे आणि मुली वयात येईपर्यंत मायग्रेनचे प्रमाण साधारण सारखे असते. पाळी सुरू झाली की मुलींचे प्रमाण वाढत जाते आणि मोठेपणी पुरुषांच्या दोन ते तीन पट होते. पाळीच्या आधी इस्ट्रोजेन एकदम खाली येते, म्हणून पाळीच्या दोन दिवस आधीपासून तिसऱ्या दिवसापर्यंत अनेकींना जबर झटका येतो. गरोदरपणाच्या मधल्या-शेवटच्या महिन्यांत बऱ्याच जणींना आराम पडतो, पाळी गेल्यावरही पडतो. ज्यांना ऑरा दिसतो त्यांनी इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या घेऊ नयेत, त्यांच्यात पक्षाघाताचा धोका वाढतो. ही गोष्ट गोळ्या देताना विचारली जात नाही, म्हणून आपणच सांगायची.

समाजशास्त्र शिकलेल्या माणसाला इथे एक प्रश्न सुटत नाही. डॉक्टर सांगतात, “शांत, अंधाऱ्या खोलीत पडून राहा.” दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसे, एक टीव्ही, शेजारी मिक्सर, बाहेर लाऊडस्पीकर. अंधारी खोली आणायची कुठून? आजार सगळ्यांना सारखा, पण त्यात पडून राहण्याची सोय सारखी नाही. निदान झटक्याचे दोन-तीन तास टीव्ही बंद, पोरांना बाहेर, आणि पोळ्या दुसऱ्या कोणी लाटाव्यात, एवढे तर घरातले पुरुष करू शकतात.

उपास, ऊन आणि ध्यान

मायग्रेनच्या मेंदूला बदल आवडत नाही. वेळेवर झोप, वेळेवर जेवण, पुरेसे पाणी, हीच पथ्ये, आणि कार्यकर्त्याच्या आयुष्यात हीच सर्वांत अवघड. रात्री दोनपर्यंत बैठक, सकाळी उपाशीपोटी मोर्चा, दिवसभर चहावर. एप्रिलच्या उन्हात जयंतीची मिरवणूक आणि कानाशी डीजे. ज्याला मायग्रेन आहे त्याच्यासाठी हा ठरवून बोलावलेला झटका आहे. टोपी, गडद चष्मा, पाण्याची बाटली, खिशात मूठभर शेंगदाणे-फुटाणे, आणि डीजेच्या भिंतीपासून लांब चालणे, याने उत्साह कमी होत नाही. स्पर्धा परीक्षेच्या मुलांनी रात्रभर जागून रविवारी दुपारपर्यंत झोपणे टाळावे. जास्तीची झोपही झटका आणते. चहा एकदम सोडू नका, हळूहळू कमी करा. आणि झटक्याआधी येणारी जांभई, गोडाची इच्छा, मान आखडणे ही अनेकदा झटका सुरू झाल्याचीच खूण असते. त्यामुळे ‘चॉकलेट खाल्लं म्हणून दुखलं’ हा हिशेब बऱ्याचदा उलटा असतो. खाण्यातले पदार्थ एकेक करून बंद करत बसू नका.

ध्यानाने मायग्रेन जातो का, हे आपल्या वाचकांकडून हमखास विचारले जाते. प्रामाणिक उत्तर असे. अमेरिकेत झालेल्या, २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत सजगतेच्या ध्यानाचे आठ आठवड्यांचे प्रशिक्षण आणि डोकेदुखीविषयी नुसते शिक्षण यांची तुलना केली गेली. दुखण्याचे दिवस दोन्ही गटांत कमी झाले, ध्यानाच्या गटात शिक्षणाच्या गटापेक्षा जास्त कमी झाले नाहीत. मात्र दुखण्यामुळे अडून राहणे, खचलेपण आणि एकूण जगणे यांत ध्यान करणाऱ्यांचा फायदा अधिक झाला. म्हणजे आनापान जरूर करावे, पण औषधाच्या जागी नव्हे. दहा दिवसांच्या विपश्यना शिबिरात पहाटे चारला उठायचे असते आणि दुपारच्या जेवणानंतर पूर्ण जेवण नसते. झटके वारंवार येत असतील तर आधी डॉक्टरांशी बोलावे, अर्जात आजार आणि औषधे खरी लिहावीत, चालू औषध बंद करून जाऊ नये. वर्षावासात अष्टशील पाळून दुपारनंतर न जेवणाऱ्या उपासिकांनाही आमचे हेच सांगणे आहे.

मायग्रेनबरोबर नैराश्य आणि चिंता पुष्कळदा येतात. ते ‘मनाचे’ म्हणून बाजूला सारू नका, दोन्हींचा उपचार एकत्र केला तर दोन्ही सुधारतात. बोलायला कोणी नसेल तर टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे.

काही डोकेदुखी मात्र मायग्रेन समजून घरी बसण्याची नसते. क्षणार्धात टोकाला पोचलेली, आयुष्यात कधी झाली नव्हती अशी डोकेदुखी. तापाबरोबर मान आखडणे. एका बाजूचा हात-पाय लुळा पडणे, बोलणे अडखळणे, फिट येणे. डोक्याला मार लागल्यानंतरचे दुखणे. गरोदरपणात किंवा बाळंतपणानंतर नव्याने सुरू झालेले. पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेले. खोकताना, वाकताना वाढत जाणारे. कर्करोग किंवा एचआयव्ही असलेल्या माणसाचे नवे दुखणे. यांतले काहीही असेल तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. नेहमीच्या मायग्रेनचे रूप अचानक बदलले तरी दाखवून घ्या.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या यादीत २१ प्रकार आहेत, त्यात मायग्रेनचे नाव नाही. त्यामुळे परीक्षेत, कामावर सवलत मागायला कायद्याचा सरळ आधार मिळत नाही. तोवर आपल्या हातात आपल्या संघटना, ग्रंथालये आणि अभ्यासिका आहेत. तिथली एक ट्यूबलाइट बंद करता येते, एक कोपरा शांत ठेवता येतो, बैठक साडेनऊला संपवता येते. आणि कोणी “आज झटका आलाय, येत नाही” असा निरोप पाठवला तर त्यावर हसण्याचा इमोजी न टाकता, “गोळी वेळेवर घेतलीस का?” असे विचारता येते.